जीडॅल इन्स्टॉल होत नाही: उबंटू, विंडोज आणि मॅकवर पुन्हा पुन्हा येणारे एरर

जीडॅल ही नकाशे, उपग्रहचित्रं अशा भौगोलिक फाइल्स वाचणारी-लिहिणारी लायब्ररी. पायथनसाठी ती टाकायला पिपला, म्हणजे पायथनच्या पॅकेज-इन्स्टॉलरला, ‘पिप इन्स्टॉल जीडॅल’ ही कमांड दिली की पानभर लाल मजकूर येतो. कुणाला ‘जीडॅल-कॉन्फिग सापडत नाही’ असं दिसतं, कुणाला ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० हवं’ असं. कुणाचं इन्स्टॉल सुरळीत होतं, पण इम्पोर्ट करताना डीएलएल (विंडोजवरची लायब्ररी फाइल) लोड होत नाही. कुणाचं तेही पार पडतं आणि मग ‘प्रोज डॉट डीबी सापडत नाही’ म्हणून गाडी अडते. बरं, एकदा सुटलेली अडचण लॅपटॉप बदलला की, किंवा नुसतं अपडेट झालं तरी, परत समोर येते. म्हणून कुठूनतरी उचललेली एक ओळ टर्मिनलवर चिकटवून हे प्रकरण मिटत नाही. नेमकं काय बिघडलंय ते आधी कळायला हवं.

बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी असतो. जीडॅल ही मुळात सी++मधली लायब्ररी आहे. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये तिची सुरुवात केली, आणि आज क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, पोस्टजीआयएस हे डेटाबेसचं एक्स्टेन्शन, पायथनमधलं रास्टरिओ, आर भाषेतलं एसएफ हे सगळे तिच्याच जोरावर फाइल्स वाचतात. पिप जे आणतो ती ही लायब्ररी नव्हे. ते फक्त पायथनला तिच्याशी जोडणारं बाइंडिंग असतं. पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजं आणतो त्या साठ्यावर, जीडॅल नावाने जे पॅकेज आहे त्यात या बाइंडिंगचा सोर्स कोड आहे, तयार व्हील (आधीच कंपाइल केलेलं पॅकेज) नाही. त्यामुळे पिप तो कोड तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला घेतो. त्यासाठी सी++ कंपायलर लागतो, जीडॅलची लायब्ररी लागते, तिच्या हेडर फाइल्स लागतात. आणि सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती अट वेगळीच आहे: बाइंडिंगचं व्हर्जन आणि लायब्ररीचं व्हर्जन जुळलं पाहिजे.

म्हणून ‘जीडॅल कशी टाकू?’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न विचारा: या मशीनवर जीडॅल किती आहेत, आणि माझा पायथन त्यांतल्या कोणतीशी बोलतोय? क्यूजीआयएस असेल तर एक जीडॅल त्याच्यासोबत आलेली असते. अ‍ॅनाकोंडा (पायथनचं पॅकेजांसकट येणारं वितरण) असेल तर दुसरी असू शकते. रास्टरिओचं व्हील टाकलं असेल तर त्याच्या पोटात तिसरी.

(खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या आणि त्यांतले आकडे रोमन लिपीत टाइप करा.)

काहीही काढण्या-टाकण्याआधी हे पाहा

लिनक्स आणि मॅकवर:

व्हिच -ए पायथन३ जीडॅलइन्फो जीडॅल-कॉन्फिग

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर:

व्हेअर पायथन
व्हेअर जीडॅलइन्फो

एकापेक्षा जास्त पत्ते दिसले तर बहुधा तिथेच गोम आहे. मग व्हर्जन पाहा:

जीडॅलइन्फो --व्हर्जन
पायथन -एम पिप शो जीडॅल

पहिली ओळ लायब्ररीचं व्हर्जन सांगते, दुसरी बाइंडिंगचं. पायथनमध्ये जीडॅल डॉट अंडरस्कोर-अंडरस्कोर-व्हर्जन छापून पाहणारे पुष्कळ आहेत, पण तो आकडाही चालू असलेल्या लायब्ररीचाच असतो, बाइंडिंगचा नव्हे. त्यामुळे ‘दोन्ही सारखेच दिसतात’ हा निष्कर्ष फसवा ठरतो. नुसतं ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप’ लिहायची सवय लावा. पिप एका पायथनचा आणि प्रोग्रॅम चालतोय दुसऱ्या पायथनवर, हा घोळ निम्म्या तक्रारींच्या मुळाशी असतो.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: जीडॅलचं बाइंडिंग तुम्हाला खरोखर हवंय का? शेपफाइल वाचायची, गावांच्या हद्दी जोडायच्या, एखाद्या टिफचा तुकडा कापायचा, एवढंच काम असेल तर जिओपांडाज आणि रास्टरिओ पुरतात. दोन्ही साध्या पिपने येतात. रास्टरिओ आणि पायओग्रिओ यांच्या व्हीलमध्ये जीडॅल आधीच भरलेली असते, आणि २०२४ मध्ये आलेल्या जिओपांडाज १.० पासून वाचन-लेखनासाठी पायओग्रिओच वापरलं जातं. अशा वेळी वेगळं जीडॅल टाकण्याचा हट्ट धरला की मशीनवर एक जीडॅल विनाकारण वाढते. नवशिक्यांना माझा सल्ला हाच असतो: जोपर्यंत एखादं स्क्रिप्ट ‘फ्रॉम ओएसजिओ इम्पोर्ट जीडॅल’ मागत नाही तोपर्यंत त्या वाटेला जाऊ नका.

उबंटू आणि डेबियन

इथला राजमार्ग सोपा आहे:

सुडो एपीटी इन्स्टॉल जीडॅल-बिन लिबजीडॅल-डेव्ह पायथन३-जीडॅल

सिस्टिमच्या पायथनसाठी एवढ्यावर काम संपतं. लायब्ररी आणि बाइंडिंग एकाच ठिकाणाहून, जुळवूनच आलेली असतात. अडचण येते ती व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे व्हेन्व्हमध्ये: एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथनच्या जागेत. उबंटू २३.०४ पासून आणि डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतो. म्हणजे व्हेन्व्ह करणं ओघाने आलंच, आणि त्या व्हेन्व्हला एपीटीने टाकलेलं बाइंडिंग दिसत नाही. व्हेन्व्ह बनवताना ‘--सिस्टिम-साइट-पॅकेजेस’ हा पर्याय दिला की ते दिसू लागतं. फक्त व्हेन्व्हचा पायथन सिस्टिमचाच हवा: उबंटू २२.०४ वर ३.१०, २४.०४ वर ३.१२. वेगळा पायथन आणून हा पर्याय वापरला तर बाइंडिंग सापडलं तरी लोड होणार नाही, कारण ते त्या पायथनसाठी कंपाइल झालेलंच नसतं.

वेगळाच पायथन हवा असेल तर बाइंडिंग स्वतः कंपाइल करावं लागतं. ‘जीडॅल-कॉन्फिग सापडत नाही’ किंवा ‘सीपीएल_पोर्ट डॉट एच: अशी फाइल नाही’ असं आलं तर लिबजीडॅल-डेव्ह टाकलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते टाकल्यावर पुढची पायरी व्हर्जनची. नुसतं ‘पिप इन्स्टॉल जीडॅल’ म्हटलं की पिप सगळ्यात नवं बाइंडिंग आणतो. पण उबंटू २०.०४ वर लायब्ररी ३.०.४ आहे, २२.०४ वर ३.४.१, २४.०४ वर ३.८.४, डेबियन १२ वर ३.६.२. मग ‘या बाइंडिंगला किमान अमुक लिबजीडॅल लागते, पण ३.४.१ सापडली’ असा स्पष्ट संदेश येतो. जुन्या बाइंडिंगमध्ये हा संदेशही नसायचा, थेट सी++चे शेकडो एरर यायचे. उपाय एकच, लायब्ररीला विचारून तेच व्हर्जन मागा:

पायथन -एम पिप इन्स्टॉल "जीडॅल==$(जीडॅल-कॉन्फिग --व्हर्जन).*"

हे यशस्वी झालं म्हणून लगेच सुटकेचा श्वास सोडू नका. पुढे रीड-अ‍ॅज-अ‍ॅरे वापरताना ‘ओएसजिओमधून _जीडॅल_अ‍ॅरे इम्पोर्ट करता येत नाही’ असा एरर येण्याची शक्यता मोठी आहे. पिप कंपाइल करताना एक तात्पुरतं, कोरं एन्व्हायर्नमेंट उभं करतो. तुमच्या व्हेन्व्हमध्ये नम्पाय (पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज) असलं तरी त्या कोऱ्या जागेत ते नसतं. जुन्या बाइंडिंगचा बिल्ड मग अ‍ॅरेचा भाग गपचूप वगळतो आणि ‘यशस्वी’ म्हणून मोकळा होतो. त्यातून वाईट म्हणजे पिप ते अर्धवट व्हील कॅशमध्ये ठेवतो, त्यामुळे काढून पुन्हा टाकलं तरी तेच परत येतं. इथे तीन गोष्टी एकदम कराव्या लागतात, नम्पाय आधी टाकणं, कोरं एन्व्हायर्नमेंट टाळणं आणि कॅश टाळणं:

पायथन -एम पिप इन्स्टॉल नम्पाय सेटअपटूल्स व्हील
पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-बिल्ड-आयसोलेशन --नो-कॅश-डिर --फोर्स-रीइन्स्टॉल --नो-डेप्स "जीडॅल==$(जीडॅल-कॉन्फिग --व्हर्जन).*"

सेटअपटूल्स मुद्दाम लिहिलंय, कारण पायथन ३.१२ पासून व्हेन्व्हमध्ये ते आपोआप येत नाही. लायब्ररी ३.८ किंवा त्याहून जुनी असेल तर नम्पाय २ च्या खालचं ठेवा. २०.०४ वर अजून काम करणाऱ्यांना ‘यूज_२टू३ चालत नाही’ असा वेगळाच एरर दिसेल. सेटअपटूल्सने ५८ व्या व्हर्जनपासून ती सोय काढून टाकली, म्हणून तिथे सेटअपटूल्स ५८ च्या खालचं लागतं.

नवी जीडॅल हवी म्हणून उबंटूजीआयएसचा पीपीए (उबंटूबाहेरचा पॅकेजसाठा) जोडणं हा मार्ग प्रचलित आहे आणि चालतोही. पण पीपीए जोडल्यावर लायब्ररी बदलते आणि आधी कंपाइल केलेली सगळी बाइंडिंग जुन्या लायब्ररीच्या नावाने शोधत राहतात. पीपीए जोडला तर प्रत्येक व्हेन्व्हमधलं जीडॅल नव्याने बांधायचं, हे गृहीत धरूनच पुढे जा.

विंडोज

विंडोजवर ‘व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचं हवं’ हा संदेश सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. लोक मायक्रोसॉफ्टची बिल्ड टूल्स उतरवतात, कित्येक जीबी जागा आणि अर्धा दिवस घालवतात, आणि मग कळतं की पुढचा एरर तयारच आहे: ‘जीडॅल डॉट एच ही फाइल उघडता येत नाही’. साहजिकच आहे. कंपायलर आला, पण लायब्ररी आणि हेडर अजून कुठे आहेत? विंडोजवर पिपने सोर्समधून जीडॅल बांधायच्या फंदात पडू नका. ज्याला जीडॅलच्याच कोडवर काम करायचंय त्याच्यापुरती ती वाट आहे.

बाकीच्यांसाठी मी कॉन्डा-फोर्ज सुचवतो. कॉन्डा हा पिपसारखाच पॅकेज-इन्स्टॉलर, आणि कॉन्डा-फोर्ज हा त्याचा तयार पॅकेजांचा चॅनेल. मिनीफोर्ज (कॉन्डाचा छोटा इन्स्टॉलर) टाका, कारण तो मुळातच कॉन्डा-फोर्जकडे पाहतो, आणि नवं एन्व्हायर्नमेंट करा:

कॉन्डा क्रिएट -एन जीआयएस -सी कॉन्डा-फोर्ज पायथन=३.११ जीडॅल रास्टरिओ जिओपांडाज
कॉन्डा अ‍ॅक्टिव्हेट जीआयएस

सगळी पॅकेजं एकाच कमांडमध्ये मागण्याला कारण आहे: मग कॉन्डा सगळ्यांना एकच जीडॅल देतो. नंतर त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपने रास्टरिओ किंवा फियोना घातलं की त्यांच्या व्हीलमधली वेगळी जीडॅल आत शिरते. जुन्या अ‍ॅनाकोंडाच्या मूळ चॅनेलमधली आणि कॉन्डा-फोर्जमधली पॅकेजं मिसळणंही असंच महागात पडतं. ‘चॅनेल_प्रायॉरिटी’ ला ‘स्ट्रिक्ट’ करून ठेवा. ‘सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट’वर कॉन्डा तासन्‌तास अडकत असेल तर आवृत्ती पाहा. २३.१० पासून त्यात वेगवान सॉल्व्हर आलाय, त्याआधीचा कॉन्डा असेल तर आधी तोच अपडेट करा.

आता डीएलएलचा एरर: ‘_जीडॅल इम्पोर्ट करताना डीएलएल लोड झालं नाही, दिलेलं मॉड्यूल सापडत नाही’. याची दोन कारणं नेहमी दिसतात. पहिलं म्हणजे एन्व्हायर्नमेंट अ‍ॅक्टिव्हेट न करता थेट त्यातलं पायथन डॉट एक्झी चालवणं. एडिटर किंवा टास्क शेड्युलर हे सर्रास करतात. टर्मिनलवर चालतं पण शेड्युलरमधून चालत नाही, अशी तक्रार असेल तर इथेच पाहा. अ‍ॅक्टिव्हेट करताना कॉन्डा पाथ बदलतो आणि जीडॅलच्या, प्रोजच्या डेटा फोल्डरचे पत्तेही लावतो. ते न झाल्यास सगळंच हुकतं. बॅच फाइल लिहून त्यात आधी अ‍ॅक्टिव्हेट, मग पायथन, असं करा.

दुसरं कारण पायथन ३.८ चं. त्या व्हर्जनपासून विंडोजवरचा पायथन एक्स्टेन्शनची डीएलएल पाथमधून शोधत नाही. जुन्या ट्युटोरियलमध्ये ‘डीएलएलचं फोल्डर पाथमध्ये घाला’ असं असतं, ते एकट्याने आता पुरत नाही. जीडॅलच्या बाइंडिंगने त्यासाठी सोय ठेवली आहे: ‘यूज_पाथ_फॉर_जीडॅल_पायथन’ या नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘येस’ करा, म्हणजे पाथमधली फोल्डरं पायथनला कळवली जातात. मात्र पाथमध्ये दोन जीडॅल असतील तर आधी येणारी उचलली जाईल.

क्यूजीआयएस वापरणाऱ्यांसाठी ओएसजिओ४डब्ल्यू, म्हणजे विंडोजवरचा जीआयएस सॉफ्टवेअरचा संच, हा मार्ग आहे. स्टार्ट मेन्यूतून ओएसजिओ४डब्ल्यू शेल उघडायचं, आणि त्यातच पायथन चालवायचा. त्याला स्वतःचा पायथन असतो. बाहेरच्या पायथनला त्यातलं जीडॅल दिसत नाही, आणि क्यूजीआयएसच्या कन्सोलमध्ये इम्पोर्ट चाललं म्हणून इतरत्र चालेल असं नाही. जास्तीचं पॅकेज हवं असेल तर त्याच शेलमध्ये ‘पायथन -एम पिप’ने टाका.

तयार व्हीलबद्दलही सांगायला हवं. ख्रिस्टोफ गोल्के यांनी वर्षानुवर्षं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या पानावर विंडोजची व्हील्स ठेवली आणि असंख्य लोकांचं काम त्यावर चाललं. ती सेवा २०२२ मध्ये थांबली. जुन्या लेखांतल्या लिंक त्यामुळेच लागत नाहीत. भूगोलाशी संबंधित व्हील्स ते आता गिटहबवर ‘जिओस्पेशियल-व्हील्स’ नावाने देतात. फाइलच्या नावातला ‘सीपी३११’ म्हणजे पायथन ३.११ आणि ‘विन_एएमडी६४’ म्हणजे ६४ बिट. ‘हे व्हील या प्लॅटफॉर्मवर चालत नाही’ असं आलं तर नावातल्या या दोनांपैकी एक काहीतरी चुकलंय.

जिओजँगोत (जँगो या वेब फ्रेमवर्कच्या भौगोलिक भागात) ‘जीडॅल लायब्ररी सापडली नाही’ असं विंडोजवर येतं तेव्हा लायब्ररी बहुधा असतेच. जँगो ठरावीक नावांची डीएलएल शोधतो आणि नव्या जीडॅलच्या फाइलचं नाव जुन्या जँगोच्या यादीत नसतं. सेटिंग्जमध्ये ‘जीडॅल_लायब्ररी_पाथ’ला त्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या.

मॅक

होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज-मॅनेजरने ‘ब्रू इन्स्टॉल जीडॅल’, मग व्हेन्व्हमध्ये उबंटूसारखंच जुळणारं बाइंडिंग. कंपायलर नसेल तर आधी ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’. इथे त्रास दोनच प्रकारचा असतो. होमब्रू जीडॅल सतत नवी करत राहतो, आणि एखादं दुसरंच पॅकेज टाकताना जीडॅलही बदलून जाते. मग कालपर्यंत चालणारं स्क्रिप्ट ‘लायब्ररी नॉट लोडेड: लिबजीडॅल’ म्हणून थांबतं. बाइंडिंग कॅश न वापरता पुन्हा बांधलं की सुटतं. दुसरा त्रास एम१ आणि त्यापुढच्या (आर्म) चिपच्या मशीनवर येतो. ‘इनकम्पॅटिबल आर्किटेक्चर’ असं दिसलं तर पायथन इंटेलचा आणि जीडॅल आर्मची, किंवा उलट, असं झालंय. होमब्रू आर्मवर ऑप्ट/होमब्रूमध्ये असतो, इंटेलवर यूएसआर/लोकलमध्ये. जुन्या मॅकवरून सगळं कॉपी करून आणलं असेल तर दोन्ही एकत्र नांदत असतात. जुनं काढून टाका.

कंटेनर

कंटेनर कसा बांधायचा ते सांगणाऱ्या डॉकर फाइलमध्ये ‘पायथन:३.११-स्लिम’ एवढंच लिहून खाली जीडॅलचं व्हर्जन पक्कं केलं असेल तर ती फाइल एक दिवस मोडणार. जून २०२३ मध्ये हा टॅग डेबियन ११ वरून १२ वर गेला, लायब्ररी ३.२.२ ची ३.६.२ झाली, आणि कुणी एक अक्षरही न बदललेले बिल्ड पडू लागले. टॅगमध्ये डेबियनचं नाव लिहा, म्हणजे ‘३.११-स्लिम-बुकवर्म’ (बुकवर्म म्हणजे डेबियन १२). किंवा जीडॅल प्रकल्पाच्याच इमेज वापरा. त्या आता गिटहबच्या रजिस्ट्रीवर मिळतात, डॉकर हबवरच्या जुन्या झाल्या आहेत.

प्रोज डॉट डीबी

इम्पोर्ट झालं, फाइल उघडली, पण प्रोजेक्शन बदलताना ‘प्रोज डॉट डीबी सापडत नाही’. किंवा याहून चक्रावणारा: ‘डेटाबेस लेआउट व्हर्जन मायनर २ आहे, ३ किंवा जास्त अपेक्षित होतं, ही फाइल दुसऱ्या प्रोज इन्स्टॉलेशनची आहे’. दुसऱ्या संदेशातलं शेवटचं वाक्य नीट वाचा. त्यात निदान दिलेलंच आहे.

सगळ्या निर्देशांक प्रणालींची माहिती प्रोज ही प्रोजेक्शन बदलणारी लायब्ररी सहाव्या व्हर्जनपासून या एका फाइलमध्ये ठेवते. ती कुठे शोधायची हे ‘प्रोज_लिब’ या व्हेरिएबलवरून ठरतं, प्रोज ९.१ पासून त्याचं नाव ‘प्रोज_डेटा’ झालं, जुनं नावही चालतं. विंडोजवर पोस्टजीआयएससारख्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर अशी व्हेरिएबल्स पूर्ण सिस्टिमसाठी लावू शकतो. मग तुमच्या पायथनमधली नवी प्रोज त्या डेटाबेसची जुनी फाइल उघडते. बरेच जण यावर ‘प्रोज_लिब’ला आणखी एक पत्ता देतात. ते आजच्यापुरतं चालतं आणि उद्या दुसरं सॉफ्टवेअर बंद पाडतं. आधी सिस्टिमच्या व्हेरिएबल्समधून ‘प्रोज_लिब’, ‘प्रोज_डेटा’, ‘जीडॅल_डेटा’ आणि ‘जीडॅल_ड्रायव्हर_पाथ’ काढून पाहा, टर्मिनल नव्याने उघडा. कॉन्डा आणि व्हील्स आपापली फाइल स्वतः शोधतात. ज्या सॉफ्टवेअरला ती व्हेरिएबल्स खरोखर लागतात, त्याच्यापुरती ती त्याच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये लावा.

नीट बसलंय का, कसं ओळखाल

इम्पोर्ट झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. पायथनमध्ये आधी ‘जीडॅल डॉट यूज-एक्सेप्शन्स’ चालवा. ते नसेल तर फाइल उघडली नाही तरी जीडॅल गप्प ‘नन’ देते, आणि तीन ओळींनंतर येणारा एरर इन्स्टॉलेशनचा वाटतो. ३.७ पासून याबद्दल जो ‘फ्यूचर वॉर्निंग’ दिसतो तो बिघाड नाही.

मग ओएसआर (जीडॅलचाच निर्देशांक प्रणालींचा भाग) वापरून पुण्याचा एक बिंदू ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांश) मधून ३२६४३ (मीटरमधला यूटीएम झोन ४३) मध्ये न्या. अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६. उत्तर मीटरमध्ये साधारण ३ लाख ८० हजार आणि २० लाख ४८ हजार यावं. आकडे भलतेच आले तर बहुधा क्रम चुकलाय. २०१९ च्या जीडॅल ३ पासून ४३२६ साठी अक्षांश आधी द्यावा लागतो. रेखांश आधी हवा असेल तर अ‍ॅक्सिस मॅपिंगची पारंपरिक जीआयएस पद्धत निवडा. ३२६४३ हा झोन ७८ रेखांशापर्यंतच आहे. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीचा डेटा तपासायचा असेल तर ३२६४४ घ्या.

शेवटी तुमच्या कामाचा फॉरमॅट खरोखर आहे का ते पाहा:

जीडॅलइन्फो --फॉरमॅट्स

इस्रोच्या मोसडॅक या पोर्टलवरून उतरवलेल्या इन्सॅट-३डी या हवामान उपग्रहाच्या फाइल्स एचडीएफ५ मध्ये असतात. कॉन्डा-फोर्जच्या नव्या जीडॅलमध्ये हा ड्रायव्हर मूळ पॅकेजमधून वेगळा काढलाय, त्यामुळे बाकी सगळं नीट असूनही फाइल उघडत नाही. एरर पूर्ण वाचला तर त्यात कोणतं पॅकेज हवं तेही लिहिलेलं असतं:

कॉन्डा इन्स्टॉल -सी कॉन्डा-फोर्ज लिबजीडॅल-एचडीएफ५

नेटसीडीएफसाठी तसंच ‘लिबजीडॅल-नेटसीडीएफ’.